चिंचेचं झाड आणि उजवी करंगळी

पुण्यात टिळक रस्त्यावरच्या एका दुकानात लॅपटॉप बघायला गेलो होतो. विक्रेता मुलगा पंचविशीतला, बोलका. प्रोसेसरची पिढी, रॅम, बॅटरीचे तास, सगळं तोंडपाठ. त्याचं सगळं ऐकून झाल्यावर मी म्हटलं, ‘‘नोटपॅड उघडून दे, आणि भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घाल.’’ त्याने घातलं. मी उभ्या उभ्याच ‘चिंचेचं झाड’ असं वीसेक वेळा टाइप केलं. मग ‘आणि’ वीस वेळा. मग ‘वाऱ्यावर’. पोरगा माझ्या खांद्यावरून बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, ‘‘काका, कविता करताय का?’’

कविता नव्हती, पण त्यामागे हिशोब होता. मी भाषांतरं करतो आणि मुद्रितं तपासतो. दिवसाकाठी तीन-चार हजार मराठी शब्द बोटांखालून जातात. माझ्यासारख्याला लॅपटॉपमध्ये स्क्रीननंतर जर कशाशी संसार करायचा असेल तर तो कीबोर्डशी. आणि कीबोर्ड ही अशी वस्तू आहे, की तिच्याबद्दल माहितीपत्रकात फार तर एक ओळ असते: ‘बॅकलिट, पाणी सांडल्यास सुरक्षित’. साडी घेताना जसा पदर हातात घेऊन चुरगाळून बघतात, तसा कीबोर्ड बोटांनीच बघावा लागतो. ऑनलाइन मागवला की ती सोय गेली.

‘बिझनेस लॅपटॉप’ म्हणजे वेगळं काय, हे आधी थोडक्यात सांगतो. घरगुती लॅपटॉप एका माणसाला, एका वेळी, दुकानात विकला जातो. म्हणून तो दिसायला देखणा असावा लागतो. बिझनेस लॅपटॉप कंपन्या शेकड्यांनी घेतात. घेणारा माणूस आयटी विभागातला असतो, आणि तीन-चार वर्षांत किती यंत्रं बंद पडली याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. त्यामुळे चकचकीत स्क्रीनऐवजी मॅट स्क्रीन, मजबूत बिजागऱ्या, सुटे भाग वर्षानुवर्षं मिळण्याची हमी, आणि बिघडलं तर इंजिनिअर दारात. किंमत जास्त, रूप मात्र सरकारी कार्यालयातल्या कपाटासारखं. आणि या जातीच्या लॅपटॉपांकडून चांगल्या कीबोर्डची अपेक्षा धरायची, ही रीत मुळात एका काळ्या डब्यामुळे पडली.

तो डबा म्हणजे थिंकपॅड. आयबीएमने ऑक्टोबर १९९२ मध्ये ‘७०० सी’ हे मॉडेल बाजारात आणलं. बाह्यरूप रिचर्ड सॅपर या जर्मन डिझायनरचं. तो राहायचा इटलीत, मिलानला. जपानी लोक जेवण नेतात तो लाखेचा काळा चौकोनी बेंतो डबा त्याच्या डोळ्यांसमोर होता: बाहेरून साधा, उघडला की आत ऐवज. आतलं यंत्र घडवलं जपानमधल्या यामातो प्रयोगशाळेत, अरिमासा नाइतो यांच्या चमूने. आणि कीबोर्डच्या मधोमध जी, एच आणि बी या बटणांच्या बेचक्यात एक लाल टिकली बसवली होती. ही टेड सेल्कर या संशोधकाची कल्पना. टाइप करणाऱ्याचा हात कीबोर्डवरून उचलून माउसपर्यंत जायला पाऊण सेकंद लागतो, आणि परत यायला पुन्हा तेवढाच. सेल्करचं म्हणणं असं, की हात उचलायचाच कशाला? तर्जनीने टिकली ढकलायची, बाण सरकतो. तिच्या रंगावरून म्हणे आयबीएममध्ये वाद झाला, कारण तिथे लाल रंग तातडीने वीज तोडायच्या बटणासाठी राखीव होता. मग कागदोपत्री त्या रंगाला ‘मजेंटा’ म्हटलं आणि लाल टिकली लालच राहिली. सरकारी खात्यात काम केलेल्या कोणालाही ही युक्ती ओळखीची वाटेल.

१९९५ मध्ये याच घराण्यातल्या ‘७०१’ मॉडेलने कमाल केली. लॅपटॉप लहान हवा, पण बोटांना बटणं पुरेशा अंतरावर हवीत, हे भांडण जुनं. जॉन कॅरिडिस या अभियंत्याने कीबोर्डचे तिरक्या रेषेत दोन तुकडे केले. झाकण उघडलं की दोन्ही तुकडे बाजूला सरकून फुलपाखराच्या पंखांसारखे पसरत आणि एकमेकांत बसत. डब्याची रुंदी ९.७ इंच, उघडलेल्या कीबोर्डची ११.५. पुढे स्क्रीनच मोठे झाले आणि हा खटाटोप कोणाला लागेनासा झाला, पण न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात तो लॅपटॉप आजही संग्रही आहे. कीबोर्ड लहान होऊ नये म्हणून एवढी धडपड कोणी केली होती, हे आजच्या काळात आठवलं की जरा गंमत वाटते.

लेनोव्होने आयबीएमचा पीसी विभाग २००५ मध्ये घेतला. कीबोर्ड आणखी काही वर्षं तसाच राहिला: सात ओळी, खोलगट बटणं. माझा जुना लॅपटॉप त्या शेवटच्या पिढीतला, २०११ चा. २०१२ मध्ये सातवी ओळ गेली आणि सुट्या सुट्या, चपट्या बटणांचा कीबोर्ड आला. जुन्या भक्तांनी केवढा गहजब केला! इतका, की २०१७ मध्ये थिंकपॅडला पंचवीस वर्षं झाली तेव्हा कंपनीने सात ओळींच्या कीबोर्डचं एक खास मॉडेल काढलं. मी स्वतः या भक्तमंडळींत पूर्ण मोडत नाही. नवा कीबोर्डही चांगलाच होता, पण माझा जुना मला सोडवेना. या वर्षी मात्र सोडावा लागला. वयच झालं होतं त्याचं. नव्याने घेतला तो वेगळ्या कंपनीचा. तिचं नाव इथे सांगत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे.

पहिलं इम्प्रेशन खोकं उघडल्यावर नाही, बोटं ठेवल्यावर आलं. डावी तर्जनी एफवर, उजवी जेवर. या दोन बटणांवर एकेक बारीक उंचवटा असतो, न बघता घर सापडावं म्हणून. जुन्या लॅपटॉपवर तो उंचवटा ठसठशीत होता. नव्यावर इतका पुसट, की दोनदा चाचपावं लागलं. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकात या दोन बटणांवर पहिली वेलांटी आणि ‘र’ असतात. घर एक खण चुकलं की ‘र’ ऐवजी ‘क’ नाहीतर ‘प’. पहिल्या संध्याकाळी मी ‘करार’ लिहायला गेलो आणि स्क्रीनवर ‘तकाक’ आलं.

आता बटणाच्या आत जाऊ. जुन्या लॅपटॉपचं एक बटण मी नखाने उचकटून काढलं. हा प्रयोग नव्यावर करू नका. वरची टोपी निघाली. खाली पांढऱ्या प्लॅस्टिकच्या दोन चौकटी, कात्रीच्या पात्यांसारख्या मध्यावर एकमेकींत अडकवलेल्या. त्यांच्या मधोमध रबराची एक इवली टोपी, पालथ्या वाटीसारखी. आणि तिच्याखाली पारदर्शक प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे, ज्यांवर विजेच्या वाटा छापलेल्या. बस, एवढंच. कात्रीचं काम एकच: बटण कोपऱ्यावर दाबलं तरी ते सपाट खाली जावं, तिरकं होऊ नये. बाकी सगळी मजा त्या रबरी वाटीत.

बोट दाबायला लागतं तसा वाटीचा विरोध वाढत जातो. एका क्षणी वाटी हार मानते आणि चेपते, विरोध एकदम कमी होतो, आणि बोट तळाशी जातं. त्याच वेळी वरचा पापुद्रा खालच्याला टेकतो आणि अक्षर नोंदलं जातं. ब्लाउजचं टिचबटण लावताना आधी थोडा जोर लागतो आणि मग ते आपसूक ‘टिच’ करून बसतं, तसंच. ही ‘टिच’ नेमकी आणि सगळ्या बटणांवर सारखी असली की कीबोर्ड चांगला. वाटी हळूहळू, गुळमुळीतपणे चेपत असेल तर बोटाला कळतच नाही की अक्षर पडलं की नाही, आणि मग माणूस प्रत्येक बटण तळापर्यंत ठोकत बसतो. संध्याकाळी बोटांच्या पेरांत जी ठणक येते ती बहुधा या ठोकण्याची.

बटण किती खोल जातं, याला ट्रॅव्हल म्हणतात. संगणकाच्या सुट्या कीबोर्डवर ते तीन-चार मिलिमीटर असतं. टंकनयोग्य कीबोर्डसाठी जो आंतरराष्ट्रीय निकष आहे, आयएसओ ९२४१ चा चौथा भाग, तो दीड ते सहा मिलिमीटर चालेल म्हणतो, पण पसंती दोन ते चारला देतो. आता लॅपटॉपकडे बघा. थिंकपॅडच्या टी मालिकेत बरीच वर्षं १.८ होतं, आता १.५ आलं. म्हणजे नामांकित बिझनेस लॅपटॉप निकषाच्या खालच्या काठावर उभे आहेत. माझा नवा साधारण तेवढाच. ०.३ मिलिमीटर म्हणजे तीन-चार कागदांची जाडी. एवढ्याशाने काय होतं, असं वाटेल, पण एकूण खोलीचा तो सहावा हिस्सा आहे. जिन्याच्या सहा इंचांच्या पायऱ्या कोणी पाच इंचांच्या केल्या तर पायाला लगेच कळतं, तसंच बोटाला कळतं.

हे कापणं हौसेने होत नाही. लॅपटॉपची जाडी हा आज विक्रीचा मुद्दा आहे, आणि बॅटरी, पंखा, मदरबोर्ड यांपैकी कोणी जागा सोडायला तयार नसतं. मग बोटांच्या वाट्याची खोली जाते. या ओढाताणीत कुठवर जाता येतं, ते २०१५ मध्ये ॲपलने दाखवलं. मॅकबुकमध्ये कात्री काढून फुलपाखराच्या पंखांसारखी नवी रचना आणली. कॅरिडिसच्या फुलपाखराशी तिचं नातं फक्त नावापुरतं. ट्रॅव्हल जेमतेम अर्धा मिलिमीटर. बटणं डळमळत नव्हती, दिसायलाही सुंदर. पण धुळीचा एक कण आत गेला की बटण अडकायचं, नाहीतर एकदा दाबलं तर अक्षर दोनदा पडायचं. २०१८ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, २०१९ च्या शेवटी कात्री परत आली, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांच्या दाव्यात कंपनीने पाच कोटी डॉलर देऊन तडजोड केली. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एकीला मिलिमीटरच्या अंशाने असं जमिनीवर आणलं.

खोलीनंतर पाया. कीबोर्डच्या मध्यावर, जी आणि एचच्या आसपास, बोट जोराने दाबून बघा. अख्खा पत्रा खाटेसारखा खाली वाकला तर सोडून द्या. वाकणाऱ्या पत्र्यावर ‘टिच’ हरवते. माझ्या नव्या लॅपटॉपने या परीक्षेत पहिला नंबर काढला. पत्रा घट्ट, आवाज दबका, जुन्या दगडी घराच्या दारासारखा. पण बटणांच्या माथ्याला खोलगटपणा जवळजवळ नाही. जुन्यावर बोट प्रत्येक बटणाच्या वाटीत आपोआप बसायचं, इथे फरशीवरून चालल्यासारखं वाटतं. रात्री बॅकलाइट लावला की अक्षरांच्या कडांतून उजेड सांडतो, तो मी बंदच ठेवतो. न बघता टाइप करणाऱ्याला दिवा कशाला?

इथवर जे सांगितलं ते कोणत्याही भाषेत टाइप करणाऱ्याला लागू आहे. पण लॅपटॉपची परीक्षणं करणारी मंडळी इंग्रजीत टाइप करून निकाल देतात, आणि त्या निकालावर मराठी माणूस लॅपटॉप घेतो. माझं म्हणणं असं, की इंग्रजीला उत्तम असलेला कीबोर्ड मराठीला बेताचा निघू शकतो. कारण मराठी त्याच कीबोर्डच्या वेगळ्याच गल्ल्यांतून फिरते.

इनस्क्रिप्ट हा आपला प्रमाण कळफलक. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो ठरवला, आणि १९९१ च्या भारतीय मानकात त्याला जागा मिळाली. पुण्याच्या सी-डॅकने तो देशभर पोचवला. रचना मोठी समजूतदार आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. ‘क’ वर शिफ्ट दाबलं की ‘ख’, ‘ग’ वर दाबलं की ‘घ’. वर्णमालेचं गणित जसंच्या तसं बोटांत. आणि ‘क’ चं जे बटण मराठीत, तेच बंगालीत, तेच मल्याळममध्ये. ज्यांना रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय आहे, त्यांना हे सगळं उगाच वाटेल, त्यांनी पुढचे परिच्छेद वगळले तरी चालेल. पण रोज हजारो शब्द लिहायचे तर ‘ksha’ ची चार अक्षरं बदडण्यापेक्षा एक बटण बरं.

मात्र या समजूतदार रचनेत एका बोटाची वाट लागते. व्यंजनं पुष्कळ, उजवीकडची बटणं मोजकी, म्हणून ती कीबोर्डच्या उजव्या काठापर्यंत पसरली. ‘च’ सेमीकोलनवर, ‘ज’ पीवर, ‘ट’ अवतरणचिन्हावर, ‘ड’ चौकटी कंसावर, ‘य’ तिरक्या रेषेवर. शिफ्टसह ‘छ’, ‘झ’, ‘ठ’, ‘ढ’ तिथेच. हा सगळा मुलूख उजव्या करंगळीचा. इंग्रजीत तिथे विरामचिन्हांची तुरळक वस्ती, आपल्याकडे भरवस्ती. आता ‘चिंचेचं झाड’ टाइप करा. च, च, च, झ, ड: पाचही व्यंजनं एकट्या करंगळीने. दहा दाबांपैकी पाच. दुकानातली माझी ती ‘कविता’ म्हणजे करंगळीची तालीम होती.

आणि लॅपटॉप बारीक करताना कंपन्या कुठे कात्री चालवतात? नेमक्या याच काठावर. दोन बटणांच्या मध्यांमधलं अंतर साधारण १९ मिलिमीटर असतं, ही वहिवाट फार जुनी. पण लहान लॅपटॉपांत मधली बटणं पूर्ण ठेवून उजवीकडची तीन-चार चिरडतात. इंग्रजीत लिहिणाऱ्या परीक्षकाला पत्ताही लागत नाही. माझ्या नव्यावर चौकटी कंसाचं पहिलं बटण वाचलंय, म्हणून ‘ड’ सुखरूप आहे. पण उलटी तिरकी रेष पार अंग चोरून बसलीय. आणि इनस्क्रिप्टमध्ये ‘डॉक्टर’, ‘कॉलेज’, ‘बॉस’ यांतला ‘ऑ’ चा स्वर त्या बटणावर असतो. खुद्द ‘लॅपटॉप’ हा शब्द लिहायचा तर अर्धचंद्रासाठी शिफ्ट धरून आकड्यांच्या ओळीतल्या दोनवर उडी, आणि मग त्या चिरडलेल्या बटणाकडे करंगळीची लांब ढांग.

शिफ्टचंही तसंच. इंग्रजीत शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला आणि विशेषनामाला. मराठीत अर्धी वर्णमाला शिफ्टच्या मजल्यावर राहते. ‘शाळा’ मध्ये दोनदा शिफ्ट: श आणि ळ. ‘आणि’ तर बघा. ‘आ’ ईवर, ‘ण’ सीवर, दोन्ही डाव्या हाताखाली. म्हणजे शिफ्ट उजवीकडचं धरायचं, तेही लागोपाठ दोन अक्षरांसाठी. आपल्या भाषेत पानागणिक किती ‘आणि’ येतात मोजा. अ, आ, इ, ई, उ, ए यांनी सुरू होणारा प्रत्येक शब्द उजव्या शिफ्टच्या दारातून आत येतो. काही लॅपटॉपांत बाणाची बटणं नीट बसावीत म्हणून नेमकं उजवं शिफ्ट तोकडं करतात. तसला लॅपटॉप फुकट दिला तरी मी घेणार नाही. माझ्या नव्यावर ते लांबरुंद आहे, हा निवडीतला सगळ्यात मोठा मुद्दा होता. विक्रेत्याला मी तसं सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही.

लांब बटणाची एक वेगळी गोष्ट असते. एका टोकाला दाबलं तर दुसरं टोक वर राहू नये म्हणून त्याच्या खाली तारेची एक बारीक दांडी बसवतात. ती सैल असली की बटण खुळखुळतं. माझं उजवं शिफ्ट किंचित किरकिरतं. इंग्रजीत ते कळलंही नसतं.

आणि ‘वाऱ्यावर’ कशासाठी? त्यातल्या ‘ऱ्या’ साठी. हा डोळ्याच्या पापणीसारखा ‘र’ मराठीचं खास लेणं. ‘दर्या’ वेगळा आणि ‘दऱ्या’ वेगळ्या. तो उमटवायला शिफ्ट धरून जे, मग डी म्हणजे पायमोड, मग ‘य’. तीन बटणं, तीन वेगळी बोटं, भरभर. बोटं एकमेकांच्या पायांत येत नाहीत ना, हे या एका अक्षरात कळतं. घाईत शिफ्ट एक क्षण आधी सुटलं तर ‘वार्यावर’ उमटतं, आणि मुद्रितं तपासणाऱ्याच्या लॅपटॉपवर तसं उमटणं म्हणजे पुजाऱ्याच्या घरी देव उपाशी.

जुना लॅपटॉप उजेडात तिरका धरला की तो कोणाच्या हातात होता ते दिसतं. ई आणि डी ही दोन बटणं आरशासारखी चकाकतात. ईवर काना, डीवर पायमोड, दोन्ही एकाच बोटाचे, डाव्या मधल्या बोटाचे. ई इंग्रजीतही सगळ्यात जास्त वापरलं जातं, तेव्हा त्याचं विशेष नाही. पण डीचा तुळतुळीतपणा जोडाक्षरांचा आहे. उलट क्यू जवळजवळ कोरं. काना आणि दोन मात्रा असलेले शब्द मराठीत असे आहेतच किती!

आता ती कुरकुर. दहा-बारा दिवस झाले असतील. एका सकाळी ‘काय’ लिहिलं तर ‘का’ च्या पुढे एका टिंबाटिंबांच्या वर्तुळाला काना चिकटलेला दिसला. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. काना दोनदा पडत होता. इंग्रजीत एखादं अक्षर दोनदा पडलं तर डोळा चुकू शकतो. देवनागरीत दुसऱ्या कान्याला धरायला व्यंजन उरत नाही, म्हणून संगणक ते पोकळ वर्तुळ काढून दाखवतो. आपली लिपी आपला कीबोर्ड स्वतःच तपासते म्हणायची.

याचं कारण त्या पापुद्र्यांत असतं. प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. आडव्या आणि उभ्या वाटांचं एक जाळं असतं, आणि कीबोर्डमधली छोटी चिप ते सेकंदाला शेकडो वेळा फिरून तपासते: कोणत्या आडवीला कोणती उभी टेकली? गस्तीवरच्या पोलिसाने प्रत्येक दार ढकलून बघावं तसं. पण दोन पापुद्रे टेकतात तेव्हा एका झटक्यात टेकत नाहीत, काही सहस्रांश सेकंद थरथरतात. ती थरथर चिपने दुर्लक्षित करायची असते. स्पर्श नीट होत नसेल, रबरी वाटी सदोष असेल, तर थरथर लांबते आणि चिपला वाटतं बटण दोनदा दाबलं.

बिझनेस लॅपटॉपला घरपोच सेवा असते, तिचा मान राखून दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आला. तिशीतला, पाठीवर सॅक, हातात स्क्रू ड्रायव्हरचा संच. मी म्हटलं, एक बटण बदलायचं. तो हसला. ‘‘काका, बटण नाही, कीबोर्डसुद्धा सुटा मिळत नाही याचा. वरच्या कव्हरला रिव्हेट करून टाकलाय. अख्खं कव्हरच बदलायचं.’’ माझ्या जुन्या लॅपटॉपचा कीबोर्ड चार-पाच स्क्रू काढले की हातात यायचा. इथे एका रबरी वाटीपायी मनगट टेकायचा पत्रा, टचपॅडची चौकट, सगळंच भंगारात. हमीच्या काळात कंपनीचा खर्च, नंतर माझा. पातळपणाची ही किंमत माहितीपत्रकावर छापत नाहीत.

पाऊण तासाने त्याने सगळं परत बसवलं, लॅपटॉप सुरू केला, आणि तपासायला म्हणून बोटं ठेवली. मला वाटलं आता अंगठ्याशेजारच्या बोटाने एकेक बटण टोचेल. त्याने पाठ ताठ केली, आणि न बघता सुरू झाला: ए-एस-डी-एफ-जी-एफ, सेमीकोलन-एल-के-जे-एच-जे. ए-एस-डी-एफ-जी-एफ, सेमीकोलन-एल-के-जे-एच-जे. टायपिंगच्या क्लासात पहिल्या दिवशी शिकवतात तो धडा, त्याच ठेक्यात. मी तो धडा १९९१ मध्ये साताऱ्याला शिकलो, रेमिंग्टनच्या धुडावर, रिबनच्या शाईने बोटं काळी करत. खोलीत वीस यंत्रं एकदम वाजायची आणि सरांची छडी टेबलावर ठेका धरायची.

‘‘क्लास केलायस वाटतं?’’ मी विचारलं.

‘‘हो ना. मराठी तीस आणि इंग्लिश चाळीस, दोन्ही पास. क्लार्कची परीक्षा द्यायची होती. राहिलीच ती.’’

मी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला आणि भाषा मराठी केली. ‘‘इनस्क्रिप्ट येतं?’’

‘‘बघू.’’ त्याने हात पुसले, क्षणभर डोळे मिटून बटणांची घरं आठवली, आणि उजवं शिफ्ट धरून ‘आणि’ लिहिलं. मग भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं. ‘‘हे शिफ्ट किरकिरतंय काका. नव्या कव्हरलासुद्धा.’’